हरकत नाही

"तुमची काही हरकत?" समितीच्या मॅडमनी पुन्हा विचारलं.

बीडच्या कलेक्टर ऑफिसातल्या त्या खोलीत कावेरी भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती. शेजारी धाकटा भाऊ वैजिनाथ. चाळिशीला आलेला, पण समज लहान पोराची. तिच्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. पलीकडं थोरला केदारनाथ, दोघांचा अण्णा, इस्त्रीच्या शर्टात.

आई नीलम्माच्या आजारपणात कावेरी माहेरी आली ती परत सासरी गेलीच नाही. आई गेली आणि वैजिनाथचं सगळं तिच्यावर पडलं. त्याला न्हाऊ घालणं, दाढी करणं, फिट आली की डोकं मांडीवर घेऊन बसणं. पुढं नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं, तेव्हाही ती त्याची नखंच काढत होती.

आता गेवराईतलं घर विकायचं निघालं होतं. घरात वैजिनाथचाही हिस्सा होता आणि त्याची सही चालणार नव्हती. म्हणून केदारनाथनं त्याचा कायदेशीर पालक व्हायला या समितीकडं अर्ज केला होता. येताना गाडीत त्यानं बहिणीला समजावलं होतं, मॅडम विचारतील, तू हरकत नाही म्हण, बास.

मॅडमनी तिला विचारलं, तुम्ही काय करता. काही नाही, याला सांभाळते, ती म्हणाली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बहिणीलाही पालक होता येतं, त्या सावकाश म्हणाल्या. सांभाळता तुम्ही, तर अर्ज तुम्हीही करू शकता. मग याला कुठं ठेवायचं, ते तुम्हीच ठरवायचं.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं केदारनाथकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

त्या घटकेला तिला कपिलधार दिसलं. धबधब्याखालच्या पाण्यात पाय सोडून ती एकटीच बसलीय, आणि कुणाचं मनगट धरून ठेवायला लागत नाही. तिला बरं वाटलं. इतकं बरं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

"अण्णाच्याच नावावर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी लई थकले, मॅडम."

घर विकलं गेलं. केदारनाथनं कावेरीचा हिस्सा तिला दिला, त्यात खोट केली नाही. बीडला एक खोलीही बघून दिली. वैजिनाथला त्यानं लांबच्या एका निवासी संस्थेत ठेवलं. चांगली आहे, डॉक्टर येतो, म्हणाला. पहिले काही दिवस कावेरी नुसती झोपली. मग एकदा कपिलधारलाही गेली, पण तिथं बसवेना, लगेच उठली.

पुढच्या महिन्यात तिनं शेंगुळे केले, डबा भरला आणि दोन एसट्या बदलून संस्थेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. वॉचमननं विचारलं, पालकाची चिठ्ठी आणली का.

"मी बहीण हाय त्याची. सख्खी."

ते खरं असंल, पण पालक म्हणून नाव कुणाचं आहे, त्यानं विचारलं.

तिनं केदारनाथला फोन लावला. तो रागावला नाही. त्याचा आवाज समजुतीचाच होता.

"तू दिसली की बिथरंल गं त्यो. जरा रुळू दे. मी सांगतो तवा जा."

ती फाटकापाशीच खाली बसली. थोड्या वेळानं वॉचमनला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं डबा आत न्यायला घेतला आणि फाटक जरासं ढकललं. इथूनच बघा, म्हणाला, आवाज देऊ नका.

समोरच्या पडवीत जेवणाची पंगत बसली होती. टोकाला वैजिनाथ. डोक्याचे केस बारीक कापलेले, म्हणून ओळखायला तिला वेळ लागला. घरी तिनं भरवल्याशिवाय त्यानं कधी घास घेतला नव्हता. आता तो खाली मान घालून भराभर जेवत होता.

"बघा," वॉचमन कौतुकानं म्हणाला, "आपल्या हातानं जेवाया शिकला."

ती बघत होती. उजव्या हातानं तो घास घेत होता, आणि डावा हात त्यानं ताटाभोवती घट्ट वेढून धरला होता, शेजारच्याचा हात पोचू नये असा.