रॅम्पपाशी थांबलेली गाडी

तिसऱ्यांदाही गाडी रॅम्पच्या तोंडाशी येऊन थांबली. "चालक थकलेला आहे. उडी मारता येणार नाही," ती म्हणाली.

आत बसलेला हणमंत खुटवड टीव्हीवरच्या एका साहसी कार्यक्रमात तीस वर्षं गाड्या उडवत आला होता. आताच्या गाड्या चालकाच्या मनगटावरच्या पट्ट्यातून त्याची नाडी वाचत. आज उडी झाली नाही, तर पुढच्या भागापासून त्याच्या जागी यंत्र बसणार होतं.

दिग्दर्शक राजोपाध्ये खिडकीशी आला. "हणमंतराव, पट्टा माझ्या हाताला बांधा. माझी झोप कुंभकर्णाची. गाडी खूश होईल."

सगळे हसले.

हणमंतने अंगठा वर केल्याशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही, अशी तिथली पद्धत होती. बरगडी मोडलेली असतानाही त्याने अंगठा वर केला होता.

"जमतंय ना?" राजोपाध्येने नेहमीसारखं विचारलं.

हणमंतचा हात पट्ट्याकडे गेला आणि तिथेच थांबला. हा प्रश्न त्याला तीस वर्षं विचारला जात होता. खरं उत्तर मात्र पहिल्यांदा या गाडीने, त्याच्या नाडीतून, ऐकलं होतं.

"नाही जमत, साहेब," तो म्हणाला. मग गाडीला म्हणाला, "घरी चल, बाई."

गाडी रॅम्पला वळसा घालून निघाली.