तांब्यावरचे इलेक्ट्रॉन

“जर्मनीला जाऊन करणार काय, ते तरी सांग,” सयाजी म्हणाला आणि देवळात बसलेली सगळी गावकी ऋतिकाकडे बघू लागली.

चंद्राबाई लेकीच्या बाजूला सरकली. लेकीला तिकडे संशोधनाची पाच वर्षांची जागा मिळाली होती, आणि हा सयाजी गावकीचा अध्यक्ष. लग्नाआधी पोर परदेशी धाडायची नाही, धाडलीत तर घर वाळीत, असं त्याने आठ दिवसांपूर्वीच सुनावलं होतं. नवरा मुरारी खांबाला टेकून मान खाली घालून बसला होता. त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही, हे चंद्राबाईला लग्नाच्या वर्षापासून ठाऊक होतं.

ऋतिकाने देवीपुढचा तांब्या उचलून दारातल्या उन्हात धरला.

“काका, यात इलेक्ट्रॉन असतात. ऊन पडलं की त्यातले काही चेकाळून वर उसळतात. पण डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी त्यांचा जोर सरतो आणि ते पुन्हा खाली बसतात. तांब्या जरासा तापतो, एवढंच.”

“खाली बसतात?” सयाजीचा चेहरा खुलला. “ऐकलात रे? शास्त्र पन तेच सांगतंय. किती पन उडा, शेवटी आपल्या ठिकानावर या!”

माणसं खो खो हसली. सयाजी भलताच उदार झाला. त्याने देवीपुढे एक नारळ ठेवला.

“वयनी, यावर हात ठेवा नि सबूद द्या. पोर दोन वर्सांत परत येईल नि आमी सांगू त्याच्याशी लगीन करील. मग जाऊं दे खुशाल.”

शब्द त्याने पोरीकडे मागितलाच नाही. देवीपुढे दिलेला शब्द चंद्राबाईने जन्मात मोडला नव्हता, हे त्याला पक्कं माहीत होतं. बेरकी माणूस!

चंद्राबाईने नारळावर हात ठेवला. मुरारीचा जीव भांड्यात पडला. पण तिने शब्द अजून दिला नव्हता. मान वळवून तिने लेकीला विचारलं, “गो, सगलेच खाली बसतात?”

“नाय आये. एखादा त्याआधीच तांब्यावर चिकटलेल्या रेणूला जाऊन भिडतो. त्याची जुनी जोड तोडतो, मग तिथे नवंच काहीतरी तयार होतं. हजारांत एखादा. मला त्याच्यामागेच जायचंय.”

रेणू म्हणजे काय, ते चंद्राबाईला कळलं नाही. हजारांत एखादा मात्र बरोबर कळला. आणि तिला सयाजीचा भयंकर राग आला. तिने नारळ उचलला आणि दगडी पायरीवर हाणला. पाणी थेट सयाजीच्या लेंग्यावर उडालं.

“वयनी! ह्ये काय केलात?”

“नारल वाढवला. पोर लांबच्या वाटेला निघाली, मग वाढवायला नको?”

चंद्राबाईने खोबऱ्याचा एक तुकडा मोडला आणि सगळ्यांच्या आधी सयाजीपुढे धरला.

“घ्या भावोजी, देवीचा परसाद हाय. नाय म्हनून दाखवा.”