पाय लागला म्हणून

शिरोलीच्या कारखान्यात इंटर्न आता मशीनच निवडायचं. ज्याच्या हाताखाली शिकायचं, मुलाखतही तेच घ्यायचं. लेथ मशीननं विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाला तेजलचं उत्तर साफ चुकलं. इंटर्नशिप हुकली म्हणजे वर्ष वाया! "येते," म्हणत ती उठली, तर गडबडीत मशीनला पाय लागला. तिनं पटकन त्याला हात लावून कपाळाला नेला.

"हे काय केलंत?" मशीननं विचारलं.

"सॉरी, पाय लागला. म्हणून नमस्कार केला."

"मला काही लागत नाही, ठाऊक आहे ना?"

"हो, पण पाय लागला तो लागलाच की!"



"सोमवारपासून या. लेथचं काम मी शिकवीन. हे तेवढं तुम्ही मला शिकवा."