फिरकी कोण धरणार?

पडद्यावर पतंग तयार होता, कण्णी बांधलेली होती, गच्चीवर वाराही सुटला होता. आणि मधोमध एकच प्रश्न येऊन बसला होता: ‘फिरकी कोण धरणार?’ समरजितने असतील नसतील ती सगळी बटणं दाबून पाहिली. प्रश्न काही हलेना.

“यार, ये तो शुरू ही नहीं हो रहा,” तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला.

बडोद्यात रावपुऱ्यातल्या आपल्या खोलीत बसून हा मुलगा जो गेम खेळतो, तो देशभरातली पोरं रात्रीच्या जेवणाआधी विकत घेतात. जो हा अर्ध्यावर टाकतो, त्याचं पुन्हा कोणी नावही काढत नाही. आज लाखभर लोक बघत होते, आणि गेम होता अनुज-भक्तीचा.

ते दोघं नवरा-बायको कारेलीबागेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर बसून हेच बघत होते. दोघांनी नोकऱ्या सोडून हा गेम केला होता. शेजारी फोनवर विक्रीचा आकडा उघडा होता. तो कित्येक दिवस ढिम्म होता.

“मी सांगत होतो,” अनुज म्हणाला. “हा एकटा खेळतो. अगं, सगळेच एकटे खेळतात! दुसरं माणूस आल्याशिवाय सुरूच होत नाही असला गेम फक्त बडोद्याची माणसं काढू शकतात.”

“फिरकी धरायला कोणी नाही, तो पतंग कसला?” भक्ती म्हणाली. वर्षभर ती हेच म्हणत आली होती, पण आज आवाजात जोर नव्हता.

कॉम्प्युटरच फिरकी धरेल अशी सोय अनुजने केव्हाच करून ठेवली होती. एक बटण दाबलं की ती सगळीकडे पोचणार होती. आज काही झालं नाही तर सोमवारी तो पुण्याच्या कंपनीला नोकरीसाठी हो कळवणार होता आणि गेमचं दुकान बंद होणार होतं. त्याने भक्तीकडे पाहिलं.

“चढवू?”

पडद्याच्या कडेने लोकांचे शेरे धावत होते. छोड़ भाई. बकवास. दूसरा लगा. समरजितचा हात माउसकडे गेला.

“चढव,” भक्ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. तिला रडू येत होतं.

पण समरजितने माउस सोडून दिला होता. त्याने कानांवरचे हेडफोन काढले, खुर्ची मागे वळवली आणि हाक मारली.

“आई! जरा इकडे ये ना!”

लाखभर लोक बुचकळ्यात पडले. त्याला हिंदीशिवाय दुसरं काही बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. त्याला आई असेल हेही कोणाच्या डोक्यात आलं नसावं.

“कणीक मळतेय रे,” आतून आवाज आला.

“फिरकी धरायचीये.”

“वैशाखात?”

पण ती आली. पदराला हात पुसत आली. भक्तीने झडप घालून अनुजचं मनगट धरलं. “थांब. थांब जरा.”

समरजितने दुसरा रिमोट आईच्या हातात दिला. कणकेचं बोट कुठल्या बटणावर ठेवायचं ते दाखवलं आणि मग कॅमेरा थोडा सरकवला. आता त्याचा अर्धा चेहरा चौकटीबाहेर गेला होता आणि आई पूर्ण दिसत होती. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पहिला पतंग लगेच कटला. दुसराही. आईची थट्टा करून लोकांना हसवणं त्याला सहज जमलं असतं, तेवढ्यावर पुष्कळांची दुकानं चालतात. त्याने नुसतं विचारलं, “माझं काय चुकतंय गं?”

“ओढतोस कशाला? मी सोडतेय ना दोरी! ढील दे, ढील दे. वडिलांसारखाच घाईचा तू.”

त्याने ढील दिली. पतंग लांब गेला, लहान झाला, शेजारच्या पतंगावर अलगद टेकला आणि शेजारचा डुलत खाली आला. “काप्यो छे!” आई अशी ओरडली की माइक फाटल्यासारखा वाजला. भक्ती डोळे पुसत हसत होती. हा मुलगा चांगला खेळतो हे तिला ठाऊक होतं, पण या गेममध्ये तिने काय केलं होतं ते तिच्याहून चांगलं त्याला कळलं होतं.

समरजित कॅमेऱ्याकडे वळला. “सुनो. दो लोगों ने बनाया है, दो लोगों के लिए. अकेले हो तो मत लेना. पहले किसी को आवाज़ दो. वो आए, तब लेना.”

“मत लेना?” अनुजने कपाळाला हात लावला. “लाख लोकांना हा मत लेना सांगतोय!”

भक्तीने फोन त्याच्यापुढे धरला. आकडा हलला होता. बघता बघता तो असा पळायला लागला की नीट वाचताही येईना. पडद्यावर आई आत निघाली होती आणि समरजित तिच्या पदराला धरून “अजून एकच” म्हणत होता. अनुजने ती फिरकी धरणारी सोय काढून टाकली.

बाहेर रणरणतं ऊन होतं. सोसायटीतल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, आतमध्ये जो तो आपापल्या फोनमध्ये असणार. एवढ्यात समोरच्या इमारतीतून कोणा मुलीची मोठ्याने हाक आली.

“मम्मी, फिरकी पकडवा आव ने!”

सवयीने भक्तीने खिडकीतून वर पाहिलं. आभाळात एकही पतंग नव्हता.

“आवी, बेटा,” आतून येता येता कोणीतरी म्हणालं.