शेवट सोडून

"स्टोरी सोडून काहीही विचार," असं म्हणत वायरमनने स्टूल कॉटपाशी ओढलं.

कॉटवर मेजर पडून होता. खरा मेजर नव्हे. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा साधा माणूस, झुरळ दिसलं की बायकोला हाक मारणारा. पण सुट्टीच्या दिवशी मित्र आपापल्या घरून गोळीबाराचा गेम खेळायला बसले की हुकूम त्याचाच चालायचा, म्हणून मेजर. त्या गेमचा तिसरा भाग वर्षअखेरीस यायचा होता. पण परीक्षेचा पेपर फुटावा तसा तो आधीच फुटला. कंपनीतल्याच कुणीतरी अख्खा गेम इंटरनेटवर सोडून दिला. वायरमनने तो लगोलग उतरवून घेतला आणि कामाला दांडी मारून खेळून संपवला. सोबत आलेल्या गॅरेजवाल्याने मात्र फक्त बंदुकांचे व्हिडिओ पाहिले होते, शेवट आधी कळू नये म्हणून तेही आवाज बंद करून.

"नकाशा कसा आहे?" मेजरने विचारलं. आवाज पार बसला होता.

"मोठा. बंदर आहे, बर्फ आहे, एक नदी आहे."

"नदीवर पूल?"

"आहे."

"पुलावर काय होतं ते बोलू नकोस," गॅरेजवाला घाईने म्हणाला. "पुलाचं नाव निघालं आणि तुझा चेहरा बदलला. भिंतीकडे तोंड करून बस बघू."

वायरमन खरंच भिंतीकडे तोंड करून बसला. मेजर हसला, हसता हसता खोकला, आणि सलाइनची नळी हलली. पलीकडे डबा पुसत बसलेली वहिनी उठून आली, नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली. जाताना तिने वायरमनकडे एकदा पाहिलं. आत यायच्या आधी तिने दोघांना जिन्यातच गाठलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता महिना निघाला तरी पुष्कळ. "यांना यातलं काही माहीत नाही, भाऊजी," ती म्हणाली होती. "कळलं तर आजच हाय खातील. तुम्ही हसतखेळत बसा, गेमबिमचं बोला." वायरमनने तिला शब्द दिला होता.

मग बंदुकांवरून वाद रंगला. दुरून नेम धरायची बंदूक यंदा जड केली आहे, हे मेजरला अजिबात पसंत पडलं नाही.

"तू स्वतः हातात घेऊन बघ ना वर्षअखेरीस, मग बोल," गॅरेजवाला म्हणाला. बोलून गेला आणि उठलाच. कुणीतरी खाली जाऊन औषधं आणायला हवी होती. वहिनीबरोबर तोच निघाला, जरा जास्तच घाईने.

खोलीत दोघेच उरले.

"म्हाताऱ्याचं काय होतं रे शेवटी?" मेजरने विचारलं.

म्हातारा म्हणजे गेममधला सगळ्यात जुना सैनिक. पहिल्या भागापासून तुकडीला सांभाळून नेणारा, मेजरचा जीव की प्राण.

वायरमनला गलबलून आलं. हा माणूस तो गेम कधीच खेळणार नव्हता. मग शेवट न सांगायचा नियम धरून बसायचं ते कुणासाठी? निदान एवढी एक गोष्ट तरी त्याला कळू दे, असं त्याला अगदी आतून वाटलं. त्याने दाराकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

सांगायला लागला आणि सगळंच सांगून बसला. तुकडी पुलापाशी पोचते, पाठीवर शत्रू. म्हाताऱ्याच्या पायात गोळी घुसलेली. तो पुलाच्या मधोमध बसकण मारतो आणि म्हणतो, तुम्ही निघा, पूल उडवा. सुरुंगाचं बटण आपल्या हातात.

"आपणच दाबायचं?"

"आपणच. गेम स्वतःहून काही करत नाही. नुसता थांबून राहतो."

"आणि नाही दाबलं तर?"

"शत्रूही येत नाही, कुणी बोलतही नाही. म्हातारा तिथे बसून आपल्याकडे बघत राहतो. मी खूप वेळ नाही दाबलं. शेवटी दाबलं."

मेजरने डोळे मिटले. वायरमनला हलकं वाटलं. इतके दिवस फळं घेऊन येण्यापलीकडे त्याच्या हातून काही झालं नव्हतं.

"दुसऱ्या भागाच्या वेळी मी तुझ्या किती विनवण्या केल्या होत्या," मेजर डोळे न उघडता म्हणाला. "मला गेम मिळायला उशीर झाला होता. तू एक अक्षर बोलला नाहीस. आठवडाभर माझा फोन घेतला नाहीस."

"मग? नियम म्हणजे नियम. ज्याला खेळायचंय त्याला शेवट..."

वाक्य तिथेच अडकलं. 

मेजर आता छताकडे बघत होता. "वाटतच होतं मला," तो म्हणाला. "पण विचारायचं कुणाला? ही रडली असती, डॉक्टर काहीतरी गोलगोल बोलले असते. म्हटलं, तुला म्हाताऱ्याचं विचारून बघू."

 माफी मागावी तर ती कशी मागतात ते वायरमनला सुचेना.

बाहेर चपलांचा आवाज आला. मेजरने त्याचं मनगट धरलं. हाताची नुसती काडी झाली होती, पण पकड घट्ट होती.

"मला कळलंय हे हिला कळू देऊ नकोस. मला माहीत नाही असं तिला वाटतंय, तेवढाच आधार आहे तिला."

वहिनी एकटीच औषधांची पिशवी घेऊन आत आली; गॅरेजवाला खालीच थांबला होता. चेहरा धुऊन आली होती. "कसल्या गप्पा चालल्यात एवढ्या?"

"बंदुकीत गोळ्या भरायचा नवा आवाज काढून दाखवतोय हा," मेजर म्हणाला. "काढ रे."

वायरमनने तोंडाने आवाज काढला. तो घशातच कुठेतरी फाटला. वहिनीला हसू आलं.

"परत काढ," मेजर म्हणाला.