धारेच्या वेळची हाक

जनरल आन्सेल्मो तिरादोने तिसऱ्यांदा गाऊन हाक घातली, तरी एकही गाय जागची हलली नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या आराउकाच्या मैदानात धार काढायला गाईला ओढून आणत नाहीत. तिचं नाव गाऊन बोलावतात आणि ती आपणहून येते. युद्धाआधी तो हेच काम करायचा. तीन वर्षांनी एका रात्रीपुरता घरी आला होता आणि सकाळी मोठ्या हौसेने गुरांच्या कुंपणात शिरला होता. ज्याच्या एका हाकेवर आठशे भालाईत स्पॅनिश तोफांवर तुटून पडायचे, त्याच्याकडे बघत गाई निवांत रवंथ करत होत्या.

"गाई आहेत त्या," कुंपणापलीकडून त्याची बायको कासिल्दा हसत म्हणाली. "त्यांना तुमचा हुद्दा कुठे ठाऊक?"

तेवढ्यात लिबोरिओ आला. एका पायाने लंगडा गडी. जनरलच्या माघारी गुरं त्यानेच सांभाळली होती. त्याने खालच्या आवाजात "पालोमा" अशी हाक लांबवली. पांढरी गाय उठली आणि त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

कासिल्दाने पहिलं दूध भोपळ्याच्या वाटीत घेतलं आणि वाटी लिबोरिओच्या हातात दिली. रोजची सवय असावी. मग जीभ चावून तिने दुसरी वाटी नवऱ्यापुढे केली. जनरलच्या पोटात दुखायला तेवढं पुरे झालं.

"भालाईत कमी पडतायत," तो म्हणाला. "हा माझ्याबरोबर येईल."

"अहो, पण त्याचा पाय अधू आहे."

"घोड्यावर बसल्यावर पाय कोण बघतो?"

"आणि गुरं?"

"तू आहेस की."

दुपारी फौज नदीच्या उतारापाशी पोचली, तेव्हा मागून हंबरणं ऐकू आलं. कुंपण मोडून बाराही गाई आल्या होत्या. त्यांच्यामागे बिनखोगिराच्या घोड्यावर अनवाणी कासिल्दा.

"गाई न्यायला आलेय," ती म्हणाली.

"मग ने."

"माझं ऐकत नाहीत. दोनदा वळवून पाहिल्या. तुम्ही बोलावून बघा."

आठशे माणसांसमोर बायकोने असं म्हटल्यावर माघार घेण्याची सोय नव्हती. जनरल गायला. गाई लिबोरिओच्या घोड्याला अंग घासत राहिल्या. हसू दाबायला भालाईतांनी आपापल्या घोड्यांच्या आयाळीत तोंडं खुपसली. अशी शोभा त्याची स्पॅनिशांनीही कधी केली नव्हती.

"जा," शेवटी तो लिबोरिओला म्हणाला. "घरी ने त्यांना. गा."

"मालक, मी काही..."

"गा म्हटलं ना."

लिबोरिओने घोडा घराच्या दिशेला फिरवला, मान खाली घातली आणि हलकेच हाक लांबवली. पालोमाने कान टवकारले.

पण तिच्याआधी कासिल्दा वळली होती.