सकाळीच गेलेली जागा

"अरेरे, थोडक्यात हुकलात बघा," मिस्टर नेस्बिट दारातच उभे राहून म्हणाले. "आज सकाळीच गेली जागा."

बोलणं इतकं गोड, की व्हर्डेल हार्ग्रोव्हला उलट त्यांचंच सांत्वन करावंसं वाटलं. तिने आभार मानले, दुखरा गुडघा सांभाळत तीन पायऱ्या उतरली आणि रस्त्यापलीकडे उभ्या केलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसली. वही काढली. दहा वाजून वीस मिनिटं. मालक हसतमुख. जागा दाखवली नाही.

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यापासून हेच तिचं काम. भाडेकरू असल्याचं सोंग घ्यायचं, जागा मागायची आणि मिळेल ते उत्तर शब्दन्‌शब्द लिहून घरभाड्यातला भेदभाव शोधणाऱ्या संस्थेला द्यायचं. व्हर्डेलसारख्या काळ्या माणसाला 'गेली' म्हणून सांगितलेली जागा तासाभराने गोऱ्या माणसाला मिळते का, हे बघायला संस्था मागाहून दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची. कुणाला, ते मात्र सांगायची नाही. तसा नियमच होता.

आज पंचाईत अशी झाली होती, की जागा तिला खरोखरच आवडली होती, आणि तपासलेली जागा तपासनिसाला स्वतःसाठी घेता येत नसे. तळमजला. स्वयंपाकघरात ऊन. नेस्बिटच्या खांद्यावरून दिसलं तेवढ्यावरच तिने मनात टेबल कुठे ठेवायचं तेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

फोन वाजला. संस्थेतली रेनाटा.

"व्हर्डेलमावशी, वही मिटा आणि घरी जा. वॉशिंग्टनने नियम बदलले, आपलं अनुदान बंद. सगळ्या तपासण्या या क्षणापासून रद्द."

"अगं, पण मी आत्ताच एकाला पकडलंय!"

"मग सोडून द्या. तुमचा कागद घ्यायलासुद्धा इथे कुणी नाही. मीच माझं टेबल आवरतेय."

व्हर्डेलने वही मिटली. "म्हणजे मी आता तपासनीस नाही?"

"नाही ना, मावशी."

"साधी बाई?"

"अगदी साधी."

"बरं झालं," म्हणून तिने फोन ठेवला.

तेवढ्यात समोर एक गाडी थांबली. गुलाबी स्कार्फ बांधलेली, साठीची एक गोरी बाई उतरली. नेस्बिटनी दार सताड उघडलं आणि तिला असं आत घेतलं, जणू माहेरवाशीणच आली. व्हर्डेल गाडीला कुलूप लावून पुन्हा रस्ता ओलांडून आली. खिडकी उघडी होती. आतून आवाज आला, "मी निवृत्त, एकटीच असते. सिगारेट नाही, कुत्रं नाही. आणखी कुठली जागा रिकामी आहे का?"

व्हर्डेल चमकली. प्रशिक्षणात घोटून घेतलेलं हेच वाक्य थोड्या वेळापूर्वी तिने स्वतः म्हटलं होतं, स्वल्पविरामासकट.

ती बेल न वाजवताच आत शिरली. "काय हो, सकाळचा भाडेकरू इतक्यात पळाला?"

नेस्बिटचा चेहरा उतरला. "त्याचं काय झालं... ऐनवेळी त्याच्या बायकोला..."

त्याच्या बायकोला काय झालं ते ऐकायला व्हर्डेल थांबली नाही. ती गुलाबी स्कार्फकडे वळली. "बाई, तुमचा फोन पर्समध्ये बंद असेल. चालू करा. आपली नोकरी गेली."

"कसली नोकरी?" बाई सोंगात पक्की होती. "मी तर निवृत्त..."

"एकटीच, सिगारेट नाही, कुत्रं नाही. ठाऊक आहे. मीपण तीच आहे."

बाई दोन क्षण बघतच राहिली. मग तिने हात पुढे केला. "लोइस टिमरमन. सहा वर्षं."

"व्हर्डेल. आठ."

जत्रेत हरवलेल्या बहिणी भेटाव्यात तशा दोघी एकमेकींचा हात सोडेनात. नेस्बिट आळीपाळीने दोघींकडे बघत होते. हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे तुम्ही मला तपासायला आलात! पण ते सगळं वॉशिंग्टनने बंद केलं ना? रेडिओवर ऐकलं मी!"

"बंद झाला तो आमचा पगार," व्हर्डेल म्हणाली. "कायदा आहे तिथेच आहे. कोर्टही आहे तिथेच आहे, इथून चार चौक."

"आणि मी सगळं लक्षात ठेवलंय," लोइस म्हणाली. "'तुमच्यासारख्यांसाठीच राखून ठेवली होती' असं म्हणालात मघाशी. तोंडपाठ आहे माझं."

नेस्बिट खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. "तुम्हाला हवंय तरी काय?"

"जागा," व्हर्डेल म्हणाली.

"तपासायला?"

"राहायला! तिसऱ्या मजल्यावर राहते मी. लिफ्ट नाही, आणि गुडघा हा असा."

कोर्टापेक्षा त्यांना याचीच जास्त धास्ती वाटलेली दिसली. पण लोइसने पर्समधून पेन काढून हातात धरलं, तसे ते निमूटपणे उठले आणि अर्ज घेऊन आले. आठ वर्षांत पहिल्यांदाच व्हर्डेलने अशा कागदावर आपलं खरं नाव लिहिलं. लोइसने साक्षीदार म्हणून सही ठोकली. तशी जागा अर्जावर नव्हती, तिने समासात केली.

नेस्बिटनी किल्ली पुढे केली, पण हातातून सोडली नाही. "म्हणजे आता मिटलं ना? तुम्ही तक्रार करणार नाही?"

व्हर्डेलने किल्ली ओढून घेतली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ घट्ट पिळला. थेंब पडला. थोड्या वेळाने दुसरा पडला.

"करणार तर," ती म्हणाली. "हा नळ गळतोय."